भिंतीकडे निघालेली फटफट्यांची दिंडी

आषाढात पंढरीची वाट धरणारी दिंडी आपल्या ओळखीची आहे. ठरलेला रस्ता, ठरलेले मुक्काम, वाटेवरच्या गावाने घातलेले जेवण. अमेरिकेतही दर वर्षी मे महिन्यात अशीच एक दिंडी निघते. ती फटफट्यांवरून जाते आणि तिची वाट संपते ती राजधानी वॉशिंग्टनमधल्या एका काळ्या दगडी भिंतीपाशी. या भिंतीवर व्हिएतनामच्या लढाईत पडलेल्या अठ्ठावन्न हजारांहून अधिक अमेरिकन सैनिकांची नावे कोरलेली आहेत.

ही लढाई 1975 साली संपली. त्यात व्हिएतनामची लाखो माणसे मेली. त्यांची नावे अर्थातच या भिंतीवर नाहीत. अमेरिकेतही ही लढाई लोकांना मान्य नव्हती. सक्तीच्या भरतीने कोवळी पोरे तिकडे धाडली गेली. जी जिवंत परतली, त्यांच्या स्वागताला कोणी वेशीवर आले नाही. सरकारवरचा राग पुष्कळदा या पोरांवरच निघाला. लढाईला गेलो होतो, हे कित्येकांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही सांगितले नाही. पुढे 1982 साली लोकवर्गणीतून ही भिंत उभी राहिली. त्यानंतर 1989 साली दोन माजी सैनिकांनी पश्चिम किनाऱ्यावरच्या कॅलिफोर्नियातून मोटारसायकलींवर तिच्या दर्शनाला जायचे ठरवले. तेव्हापासून हा परिपाठ पडला.

लॉस एंजेलिसजवळच्या ओंटारिओ गावातून ही मंडळी निघतात. दहा दिवसांत सुमारे साडेचार हजार किलोमीटर जायचे असते. आता वेगवेगळ्या वाटांनी शेकडो गाड्या निघतात. यात केस पिकलेले आजोबा आहेत, बाया आहेत, अलीकडे इराक-अफगाणिस्तानातून परतलेले तरुणही आहेत. गाड्यांच्या टोळ्या करतात, प्रत्येक टोळीला पुढारी असतो. सर्वांत पुढे चालणाऱ्या रांगेत एका गाडीची जागा मुद्दाम मोकळी ठेवतात. ती जागा बेपत्ता झालेल्या सोबत्याची. ज्यांना येता येत नाही त्यांच्यासाठी आपण जायचे, हेच या मंडळींचे ब्रीद आहे.

ॲरिझोनाचे रखरखीत माळ ओलांडून मधली वाट न्यू मेक्सिकोच्या डोंगरात चढते. तिथे एंजल फायर नावाच्या गावाजवळ एका टेकाडावर पांढरे, पंखासारखे उंचावलेले छोटे प्रार्थनामंदिर आहे. ते बांधले एका बापाने. व्हिक्टर वेस्टफॉल यांचा थोरला मुलगा डेव्हिड 22 मे 1968 रोजी व्हिएतनाममध्ये मारला गेला. मुलाच्या विम्याचे पैसे आले. ते खर्चावे कशावर? नवराबायकोने त्या पैशांतून आपल्याच जमिनीवर हे मंदिर उभारायला घेतले. ते पुरे होईतो हात आखडला, कष्ट पडले, पण मुलाच्या तिसऱ्या वर्षश्राद्धाच्या दिवशी, 22 मे 1971 ला, ते उघडले. वॉशिंग्टनची भिंत उभी राहायला तेव्हा अकरा वर्षे अवकाश होता. दूरदूरचे सैनिक तिथे येऊन मुकाट बसू लागले. रात्रीबेरात्री आलेल्याला परत जावे लागू नये म्हणून वेस्टफॉल दाराला कुलूप लावत नसत. ते 2003 साली वारले.

पुढे कॅन्ससचे सपाट रान लागते. इथला गहू थंडीच्या आधी पेरतात, तो बर्फाखाली राहतो आणि जूनमध्ये कापणीला येतो. दिंडी जाते तेव्हा तो ओंबीवर असतो. नजर पोचेल तिथवर शेत आणि मधून रस्ता. रस्त्यावरच्या पुलांवर लोक झेंडे घेऊन उभे राहतात. कुठे पेट्रोल फुकट मिळते, कुठे जेवण. एकेकाळी ज्यांना कोणी विचारले नाही, त्यांच्यासाठी आता आयाबाया पानांवर वाढायला उभ्या असतात. कित्येक म्हाताऱ्यांना आपल्या देशाने आपल्याला घरी बोलावले असे या वाटेवरच पहिल्यांदा वाटते.

वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातले रेनेल हे त्यातले सर्वांच्या जिव्हाळ्याचे गाव. वस्ती दीड हजाराहूनही कमी. पूर्वी लाकडाच्या मोठ्या गिरणीवर गाव चाले. गिरणी गेली आणि गाव ओसरले. अशा गरीब गावाने या पाहुण्यांना जेवू घातले. पाहुण्यांनीही ते विसरले नाही. दर वर्षी वर्गणी काढून ते गावच्या प्राथमिक शाळेला देतात. शाळेतली पोरे वह्या घेऊन त्यांच्या सह्या घ्यायला धावतात.

तिथून वॉशिंग्टन जवळ येते. भिंतीचे दोन हात आहेत, प्रत्येक सुमारे 75 मीटर लांब. आराखडा दिला तो माया लिन या 21 वर्षांच्या विद्यार्थिनीने. दगड मात्र आपल्याकडचा. बंगळूरजवळच्या खाणीतला हा काळा ग्रॅनाइट तिकडे नेऊन घासला गेला. तो इतका गुळगुळीत आहे, की नाव वाचताना आपलेच तोंड त्यात दिसते. नावे हुद्द्याप्रमाणे नाहीत. जो ज्या दिवशी पडला त्या क्रमाने आहेत. मेल्याची खात्री झालेल्यांच्या नावाशेजारी शंकरपाळ्यासारखी खूण आहे, बेपत्तांच्या शेजारी अधिकाची. अस्थी सापडून ओळख पटली, की अधिकावर शंकरपाळे कोरतात. लोक नावावर कागद ठेवून पेन्सिल घासतात आणि तो ठसा घरी नेतात. भिंतीच्या पायथ्याशी कोणी पत्र ठेवतो, कोणी बूट. 1995 साली विस्कॉन्सिनच्या माजी सैनिकांनी एक अख्खी मोटारसायकलच तिथे ठेवली.

मे महिन्याचा शेवटचा सोमवार हा तिकडे हुतात्म्यांच्या स्मरणाचा दिवस. त्याच्या आदल्या रविवारी राजधानीत देशभरच्या गाड्या फेरी काढतात. 1988 साली पहिल्या फेरीत अडीच हजारांच्या आसपास गाड्या होत्या. पुढे त्या लाखांवर गेल्या. खर्च पेलेना आणि अडचणी वाढल्या म्हणून जुन्या चालकांनी 2019 साली ही फेरी थांबवली. पण माजी सैनिकांच्या दुसऱ्या संघटनेने ती लगोलग हाती घेतली.

ती थांबू नये असे वाटण्याला कारण आहे. लढाई संपताना अडीच हजारांहून अधिक अमेरिकन सैनिकांचा पत्ता नव्हता. त्यांतल्या हजारांवर जणांच्या अस्थी आजवर घरी आल्या. दीड हजारांवर अजून यायच्या आहेत. लढाई चूक की बरोबर हा वाद तिथे आजही चालतो. त्या वादात मुलगा गमावलेल्या घराचा विसर पडू नये, एवढेच या फेरीचे मागणे आहे. पलटणीत गेलेल्या पोराच्या पत्राची वाट ज्या घराने पाहिली आहे, त्याला हे मागणे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.