छोटी लाइन

रूळ 13 मीटर लांबीचे असतील, तर 47 सेकंदांत जेवढे खटके ऐकू येतील तेवढा गाडीचा ताशी वेग, किलोमीटरमध्ये. हे गणित बाबांचं. दोन रुळांमधल्या फटीवरून चाक गेलं की खटका उडतो. डब्याखालच्या एका बोगीच्या दोन आसांचे दोन खटके लागोपाठ येतात, ती जोडी एकच धरायची. बाबा मनगटावरचं घड्याळ माझ्यासमोर धरायचे, मी डोळे मिटून मोजायचे. "बासष्ट!" म्हटलं की समोरच्या बाकावरून आई विचारायची, "म्हणजे भुसावळ किती वाजता?" तिला वेगाशी काही देणंघेणं नव्हतं.

बाबा लखनऊला मानकनगरात, आर.डी.एस.ओ.मध्ये ड्राफ्ट्समन होते. रेल्वेने 1957 साली दोन जुनी कार्यालयं एकत्र करून ही संस्था उभी केली. डबे, वाघिणी, रूळ, पूल, सगळ्यांची मापं आणि चाचण्या तिथे ठरतात. डब्याच्या खाली काय चाललंय ते यांना नुसत्या आवाजावरून कळतं, घरात काय चाललंय ते मात्र सांगावं लागतं, अशी आईची तक्रार असायची. ते गणितही आता निकामी झालं. मुख्य मार्गांवरचे रूळ वेल्डिंग करून सलग केलेत, खटके ऐकू येतात ते सांधे बदलताना, स्टेशनाच्या आसपास. प्रवास सुखाचा झाला हे बाबांनाही मान्य आहे. त्यांच्या कार्यालयाने ज्यासाठी कागद खर्ची घातले तेच तर झालं.

आमचं घर आलमबागेत. वाजिद अली शाहने आपल्या आलम आरा बेगमेसाठी बांधलेली ही बाग. 1857 मध्ये इंग्रजांनी तिथे तळ ठोकला आणि त्यांचा सेनापती हॅवलॉक तिथेच पुरला गेला. आम्ही राहायला गेलो तोवर बागेपैकी दरवाजा उरला होता, बाकी सगळी वस्ती. फाळणीनंतर आलेले पंजाबी आणि सिंधी, कॅरेज-वॅगन वर्कशॉपचे कामगार, आणि मधूनमधून आमच्यासारखी बदलीवर येऊन राहून गेलेली माणसं. मराठी माणूस लखनऊला नवा नव्हता म्हणा. भातखंड्यांनी 1926 मध्ये इथे संगीताचं कॉलेज काढलं, त्यानंतर तिथल्या रातंजनकरांकडे शिकायला किती मुलं एवढा पल्ला गाठून आली. बैलहोंगलचे गिंदे तर अकराव्या वर्षी. आईला या गोष्टीचा फार आधार होता. घरची आठवण आली की म्हणायची, ते पोर राहिलं, मग मला काय झालंय.

तिचं माहेर भुसावळ. मे महिन्यात बाबांचा रेल्वेचा पास निघायचा. होल्डॉल, फिरकीचा तांब्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आणि मलिहाबादच्या दसेरी आंब्यांची पाटी, कारण भुसावळकरांचा हापूसवरचा विश्वास आईला ढळवायचा होता. तो कधी ढळला नाही. परतताना त्याच पाटीतून केळी आणि कळण्याचं पीठ यायचं. टेम्पोवाला विचारायचा, "बड़ी लाइन या छोटी लाइन?" चारबागेत दोन स्टेशनं शेजारीशेजारी उभी आहेत, एक उत्तर रेल्वेचं, दुसरं पूर्वोत्तर रेल्वेचं लखनऊ जंक्शन. दुसऱ्यावर मीटरगेज होतं, ते जाऊन जमाना झाला तरी लोकांच्या तोंडी ती छोटी लाइनच. मुंबईची पुष्पक सुटते ती या छोट्या लाइनवरून. आम्ही लहान असताना मात्र झाशीला उतरून मेल पकडायचो. झाशीच्या फलाटावर आई बाबांशीसुद्धा हिंदीत बोलायची, हमाल सोबत असतो म्हणून. खंडवा मागे पडलं की ती हळूहळू गप्प होई. बऱ्हाणपूर आलं की उठून तोंड धुवायची, वेणी घालायची, घडीची साडी काढायची. रावेर, सावदा, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, आणि आमची आई कुणाची तरी मुलगी होऊन दारात उभी.

आजी गेली तेव्हा मी सातवीत होते. दुपारी तार आली. देशातली तारसेवा 2013 साली बंद झाली तेव्हा पुष्कळ हळहळीचे लेख आले. मला ती एक तार आठवली आणि हळहळ वाटली नाही. तार आली तेव्हाच आईला ठाऊक होतं की आपण पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असणार. तोंड दिसणार नाही. पास काढायला वेळ नव्हता, आरक्षण कुठलं मिळायला. तिकिटं काढून जनरल डब्यात शिरलो, झाशीला तासन्‌तास बसलो, मग मेलमध्ये दाराजवळ होल्डॉल टाकून त्यावर आई. मला वाटलेलं ती रडेल. ती बसून राहिली. शेजारच्या बाईने आपलं मूल तिच्या मांडीवर दिलं, ते तिने बीनापर्यंत सांभाळलं. मध्येच मला आजीच्या लग्नातली काहीतरी हकिगत सांगायला लागली आणि इटारसीला अर्ध्यातच थांबली. बऱ्हाणपूरला उठली नाही. भुसावळला उतरली ती पार निवळलेली होती. मामा गळ्यात पडून रडले, तर तिनेच त्यांना धरलं.

ती रात्र आणि तो दिवस तिच्या कामी आला, असं मी पुढे कितीतरी वर्षं समजत होते. अजूनही समजते.

आई गेली ती करोनानंतर, मार्गशीर्षात. मी पुण्यात. पहाटे फोन आला, आणि दुपारच्या आत मी अमौसी विमानतळावर होते. तिथून आलमबाग मेट्रोने पाचवं स्टेशन. भाऊ नोएडाहून एक्सप्रेसवेने गाडी हाकत माझ्या आधीच पोचला होता. आईचं तोंड मला दिसलं. विमान होतं म्हणून दिसलं, हे विसरून रेल्वेचे गोडवे गाणं मला जमायचं नाही. आईला जे मिळालं नाही ते मला मिळालं. पण सकाळी पुण्यातल्या ओट्यावर गॅसवर ठेवलेलं दूध बंद करून निघालेली मी, दुपारी भैंसाकुंडाच्या स्मशानात उभी होते, आणि दूध खरंच बंद केलं का, एवढंच डोक्यात घोळत होतं. शेजारच्या सिंधी काकू माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि मला त्यांची कीव येत होती, कारण त्या रडत होत्या.

अस्थी नाशिकला न्यायच्या हे आईचंच सांगणं. प्रयागराज काही तासांवर असताना रामकुंडच का, हे तिने कधी सांगितलं नाही. भाऊ म्हणाला, दोन तासांत मुंबई, पुढे टॅक्सी. बाबा म्हणाले, पुष्पक. त्यांना खालचा बर्थ मिळाला, कलश पंच्यात गुंडाळून खिडकीजवळच्या खुंटीला लावला. लालभडक नवे डबे, काचा बंद, आवाज जवळजवळ नाहीच. कानपूर गेलं, उरई गेली. झाशीला आता नावापुढे वीरांगना लक्ष्मीबाई लागलंय, ते मध्यरात्री पाटीवर वाचलं. बाबा जागेच होते. सकाळी इटारसीला चहा घेतला, खंडवा आलं, आणि बऱ्हाणपूरला मी नकळत वर पाहिलं, कुणी उठतंय का म्हणून. मग मात्र मला आवरेना. रावेर, सावदा सगळं तसंच गेलं. समोरच्या बर्थवरचा एक पोरगेला जवान बिचारा उठून दाराशी जाऊन उभा राहिला.

तेव्हापासून माझा शिरस्ता असा, की बाबांकडे जाताना विमान, येताना गाडी. जाताना घाई असते, रजा थोडी असते, आणि त्यांचं वय झालंय. येताना हजाराहून जास्त किलोमीटर नुसतं बसायचं. ऑफिसातल्यांना हे पैसे वाचवणं वाटतं. वाटू दे.

कलशाच्या त्या प्रवासात, भुसावळ सुटल्यावर मी बाबांना माझं सगळं म्हणणं सांगितलं. आजीच्या वेळची ती रात्र, होल्डॉलवर बसलेली आई, आणि भुसावळला उतरलेली शांत बाई. गाडीने तिला वेळ दिला, मला या वेळी आत्ता मिळतोय, असं.

बाबांनी पूर्ण ऐकून घेतलं. चष्मा पुसला.

"त्या रात्री ती माझ्यावर चिडली होती," ते म्हणाले. "आजी आजारी आहे म्हणून आधी पत्र आलं होतं. मी म्हटलं, मेमध्ये जाऊच की. ती बोलतच नव्हती माझ्याशी. आणि शांत कसली? परत आल्यावर वर्षभर रडत होती. दुपारची, स्वयंपाकघरात. तू शाळेत असायचीस."

"तुम्ही ऑफिसात असायचात. तुम्हाला कसं कळलं?"

"शेजारणीने सांगितलं," बाबा म्हणाले.

मनमाड येत होतं. बाबांनी पायाने बाकाखालची चप्पल शोधली, आणि नाशिकरोडला रिक्षा मिळेल की आधीच कुणाला फोन करायचा, ते विचारलं.