काही खरं नाही

आशा ही उघड्यावर ठेवायची वस्तू नव्हे, असं माझ्या आईचं जुनं मत आहे. पोर गुटगुटीत दिसलं की ती हटकून म्हणते, "कसलं मेलं हडकलंय!" परीक्षेला निघालेल्या मुलाला 'पेपर चांगला जाईल' असं सांगण्यापेक्षा त्याच्या हातावर दही घालणं तिला अधिक सुरक्षित वाटतं. या मताची माणसं सातासमुद्रापलीकडेही राहतात आणि ती बेसबॉल पाहतात, हे मला २०११ साली बोस्टनला कळलं.

दादा तिथे नोकरीला. वहिनीचे दिवस भरत आले होते. तिच्या आईचे गुडघे विमानप्रवासाला राजी नव्हते, म्हणून आमची आई निघाली आणि तिला एकटीला कसं पाठवायचं म्हणून बिनपगारी रजा काढून मी. त्याआधी एकदा होत्याचं नव्हतं झालं होतं. त्याविषयी घरात कुणी बोलत नसे. तिथल्या रीतीप्रमाणे दादाच्या कचेरीतली मंडळी बाळ यायच्या आधीच पाळणा, कपडे, खेळणी घेऊन यायला निघाली, तेव्हा आईनं हात जोडून सगळ्यांना नको म्हटलं. "आधी येऊ दे," एवढंच.

संध्याकाळी सात वाजले की दादा दूरदर्शनसमोर बसे आणि शेजारचे आजोबा येत. टपालखात्यातून निवृत्त झालेले, त्र्याहत्तर वर्षांचे. दादा २००३ साली त्या देशात गेला तेव्हा हा खेळ त्यांनीच त्याला शिकवला आणि रेड सॉक्स हा त्यांचा संघ वारसाहक्कानं त्याच्या गळ्यात बांधला. दोघांचंही बोलणं एकच. गोलंदाज थकलाय, हा फलंदाज झोपलाय, यंदा काही खरं नाही.

आपल्याकडे कसोटी पाच दिवसांत आटोपते. मालिका झाली, दिवाळी आली, विसरलो. बेसबॉलचा संघ मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेर १६२ सामने खेळतो, म्हणजे जवळजवळ रोज एक. पूर्वी लीगमध्ये जो पहिला येई त्याला पेनंट, म्हणजे विजयाचं निशाण मिळे. १९६९ पासून गट पडले, बाद फेऱ्या आल्या, २०११ मध्ये तर दुसऱ्या क्रमांकावर राहिलेल्यांतल्याही सर्वांत चांगल्या एका संघाला पुढे जागा असे. पण आजोबा तिला पेनंटची शर्यतच म्हणत. रोज सकाळी वर्तमानपत्रात तक्ता येई : कोण कुणाच्या किती सामने मागे. त्या तक्त्यात अर्धा सामनाही असतो! आपण जिंकलो आणि प्रतिस्पर्ध्याला त्या दिवशी सुट्टी असली, तर अंतर अर्ध्यानं बदलतं. माणसं त्या अर्ध्यावर दिवस काढतात. भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या काडीवरून वाद घालणाऱ्या आमच्या आईला हा हिशेब फार लवकर पटला.

सप्टेंबरच्या तीन तारखेचे सामने संपले तेव्हा बोस्टन आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या, फ्लोरिडातल्या टँपा बेच्या, नऊ सामने पुढे होतं. महिन्यात उरले किती? कचेरीतला एक तरुण मित्र दादाला म्हणाला, "आता काय, जिंकलेच!" आजोबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं आई पाळण्यातल्या मुलाचं तोंडभर कौतुक करणाऱ्या पाहुणीकडे पाहते.

त्या नजरेला इतिहास होता. १९४९ मध्ये आजोबा अकरा वर्षांचे होते. शेवटचे दोन सामने न्यूयॉर्कमध्ये यांकीजशी, त्यांतला एक जिंकला की झालं. बोस्टन दोन्ही हरलं. १९७८ च्या जुलैत यांकीज चौदा सामने मागे होते. सप्टेंबरात ते अंतर विरघळलं, दोघांचेही ९९ विजय झाले आणि २ ऑक्टोबरला निकालाचा एक जादा सामना ठेवावा लागला. फेनवे पार्कच्या सदतीस फुटी हिरव्या भिंतीवरून चेंडू गेला, तो ज्याच्याकडून कुणी अपेक्षा केली नव्हती अशा बकी डेंटच्या बॅटीवरून. १९१८ नंतर विजेतेपद मिळालं ते थेट २००४ साली, ८६ वर्षांनी. त्या आठवड्यात बोस्टनच्या आसपास कितीतरी लोक वर्तमानपत्रं आणि संघाची छोटी निशाणं घेऊन दफनभूमीत गेले. बाप, आजा वाट पाहता पाहता गेले होते, त्यांना कळवायला नको? आमचे आजोबाही गेले होते. २००७ मध्ये आणखी एक विजेतेपद आलं. आता तरी गृहस्थानं प्रसन्न व्हावं की नाही? नाव नको!

मी मराठी शिकवते, त्यामुळे नको तिथे माझा कान व्याकरणाकडे जातो. दादा आणि आजोबा संघाविषयी बोलताना भूतकाळ वापरीत, संकेतार्थ तर मुबलक वापरीत, 'तो झेल धरला असता तर'. भविष्यकाळ वापरायचा तो फक्त हरण्यापुरता. 'जिंकू' हे रूप त्यांच्या तोंडून मी महिनाभरात एकदाही ऐकलं नाही. आणि तरी दोघंही रात्री अकरा-अकरापर्यंत जागेवरून हलत नसत. ज्याला खरोखरच काही खरं नाही असं वाटतं, तो माणूस नऊला झोपतो.

मग घसरण लागली. सामने हरू लागले ते अगदी नाना तऱ्हांनी. नऊचे सात, पाच, दोन. शेवटच्या दिवशी दोन्ही संघ बरोबरीत. आईला खेळ कळत नव्हता, माणूस कळत होता. ती चहा ठेवी, आजोबांकडे पाहून मान हलवी, तेही हलवीत. "काही खरं नाही" हे तीन शब्द त्यांनी तिच्याकडून घेतले आणि त्यांच्या उच्चारात ते फार गमतीदार वाटत. वहिनी सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेली असे. तिच्याविषयी मात्र कुणी ते शब्द गंमतीनंही उच्चारीत नसे.

२८ सप्टेंबरची रात्र. बोस्टन बाल्टिमोरला ३-२ नं पुढे. पावसानं खेळ जवळजवळ दीड तास थांबला. इकडे टँपा बे यांकीजविरुद्ध ०-७ असं मागे. कचेरीतल्या मित्राचा फोन आला; दादानं उचलला नाही. पाऊस थांबला, शेवटचा डाव आला. दोन बाद, मैदानावर प्रतिपक्षाचा एकही धावपटू नाही, एक बळी बाकी. त्या वर्षी आठ डावांनंतर पुढे असताना बोस्टन सत्त्याहत्तर सामन्यांत एकदाही हरलं नव्हतं. तीन फटके बसले आणि ३-२ चे ३-४ झाले. टँपा बेनं मधल्या वेळात सात धावा फेडल्या होत्याच. तीनेक मिनिटांत बाराव्या डावात इव्हान लाँगोरियानं होमरन मारून ८-७ असा सामना खिशात घातला. सप्टेंबरातल्या सत्तावीसपैकी वीस सामने बोस्टन हरलं होतं.

आजोबा उठले. महिनाभर 'हरणार' म्हणून सांगणाऱ्या त्या माणसाला कोटाची बाही काही सापडेना. शेवटी आईनं ती धरली.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वहिनीला मुलगा झाला. घरी आणलं त्या संध्याकाळी आजोबा कागदी पिशवी घेऊन आले. पिशवीत लिंबाएवढ्या डोक्याला बसेल अशी रेड सॉक्सची टोपी होती, आणि तळाशी पावती. मी तारीख पाहिली : जुलै. आईला सांगितलं. ती काही बोलली नाही. आत जाऊन आपल्या बॅगेच्या अगदी तळातून चार झबली घेऊन आली. शिवण पुण्याची होती, तिच्याच हातची.

२०१३ साली बोस्टन पुन्हा विजेतं झालं, तेही घरच्या मैदानावर, १९१८ नंतर प्रथमच. आजोबांनी ते पाहिलं. भाचा आता दादाच्या खांद्याला लागलाय. मराठी जेमतेम बोलतो, पण सप्टेंबरात फोनवर मी संघाचं विचारलं, की पलीकडून स्वच्छ, आजीच्या हेलात उत्तर येतं, "काही खरं नाही, आत्या." आणि मागे सामन्याचा आवाज चालू असतो.