किती वॅटचा?

नवा अ‍ॅम्प्लिफायर घेतला असं सांगितलं की समोरून पहिला प्रश्न ठरलेला: "किती वॅटचा?" चुलतभावाने विचारला, वरच्या मजल्यावरच्या काकांनी विचारला, बंगळूरहून मुलीनेही फोनवर हेच विचारलं. याचं मूळ १९९०च्या दशकात आहे, अशी माझी समजूत आहे. तेव्हा टू-इन-वनच्या खोक्यांवर "१००० वॅट पीएमपीओ" असे चकचकीत स्टिकर असायचे. पीएमपीओ मोजायची सर्वमान्य पद्धतच नव्हती. ज्याला जो आकडा शोभेल तो त्याने छापावा. भिंतीतल्या सॉकेटातून जेमतेम पन्नास वॅट ओढणारं यंत्र हजार वॅटचं म्हणून खपायचं. त्या स्टिकरने आमची अख्खी पिढी बिघडवली.

आमच्याकडचा अ‍ॅम्प्लिफायर वडिलांच्या काळातला. डावा बॉक्स मधूनच गप्प व्हायचा, थोपटलं की परत गायला लागायचा. बुधवार पेठेतल्या आमच्या नेहमीच्या मेकॅनिकने झाकण उघडलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. "साहेब, याचे आउटपुट ट्रान्झिस्टर आता अस्सल मिळत नाहीत. दुसरे घालतो, पण गॅरंटी मागायची नाही." तेव्हा नवा घ्यायचा हे ठरलं. चाळीस हजारांच्या आत. स्पीकर बदलायचे नव्हते, टर्नटेबल होतंच, आणि वडिलांच्या एलपी, बहुतेक कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात निघालेल्या एचएमव्हीच्या. ऐकणं मुख्यतः ख्याल आणि नाट्यसंगीत, तेही रात्री साडेनवानंतर, खालच्या मजल्यावर झोपायची वेळ होते तेव्हा.

दुकानात जाण्याआधी कागद-पेन घेऊन बसलो. माझ्या स्पीकरच्या मागे ८६ डेसिबल असं लिहिलंय. म्हणजे एक वॅट दिला तर एक मीटरवर तेवढा आवाज. मी बसतो तीन मीटरवर. अंतरामुळे आवाज उतरतो, पण खोलीच्या भिंती थोडा परत देतात आणि बॉक्स दोन आहेत. एकेका वॅटमध्ये माझ्या खुर्चीपाशी ऐंशीच्या थोडं वर डेसिबल मिळतात असं धरायला हरकत नाही. आपण घरात बोलतो ते साठच्या आसपास. ख्याल मनसोक्त ऐकायचा म्हटलं तरी सरासरी पंचाहत्तर पुष्कळ झाले. दहा डेसिबल कमी म्हणजे एक दशांश शक्ती, या हिशोबाने माझं रोजचं ऐकणं पाव वॅटच्या आत भागतं. पाव!

मग पन्नास-साठ वॅट कशाला? तबल्यासाठी. बायांवरची थाप किंवा पखवाजाचा एखादा धा सरासरीपेक्षा क्षणभर वीस डेसिबल वर जाऊ शकतो, आणि वीस डेसिबल म्हणजे शंभरपट शक्ती. पाव वॅटचे पंचवीस झाले. तेवढी जागा शिल्लक नसली तर अ‍ॅम्प्लिफायर लाटेचा माथा कापून टाकतो आणि थाप चपटी ऐकू येते. पण पन्नासावरून शंभरावर गेलात तर मिळतात फक्त तीन डेसिबल, म्हणजे कानाला जेमतेम कळेल इतका फरक. दोघांच्या भातासाठी मांडवातलं पातेलं आणायचं कारण नाही. १९७८ साली आलेला एनएडी ३०२० हा नावाजलेला अ‍ॅम्प्लिफायर कागदावर वीस वॅटचाच होता, आणि त्याने जगभर लोकांची घरं भरली.

भाच्याचा माझ्या कागदावर विश्वास नव्हता. तो इंजिनिअर आहे, त्यामुळे कागदावरचं काहीच खरं मानत नाही. म्हणून मल्टिमीटर काढला. प्रयोग सोपा आहे. सगळ्यात मोठ्या आवाजात जसं ऐकता तसं गाणं लावा, आणि व्हॉल्यूमचा खटका तिथेच सोडा. यंत्र बंद करून स्पीकरच्या वायरी काढा (हे विसरू नका, नाहीतर स्पीकर जाईल) आणि त्याच इनपुटवर पूर्ण पातळीचा ५० हर्ट्झचा सूर वाजवा. मोबाइलवर असे सूर तयार करणारी अ‍ॅप आहेत. आता स्पीकरच्या टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजा. वायरींची टोकं एकमेकांना लागू देऊ नका. माझ्याकडे अकरा व्होल्ट आले. अकराचा वर्ग १२१, त्याला आठ ओहमने भागलं की पंधरा वॅट. रेकॉर्डिंगमध्ये जे काही असेल त्याच्या टोकालासुद्धा मला पंधरा वॅटच लागत होते. भाचा म्हणाला, "मामा, परत मोजा." परत मोजलं. तेच.

याच सुमारास न्यू जर्सीहून मेव्हण्याचा निरोप आला, "तिकडून आणू का? स्वस्त पडेल." मोह झाला. पण तिथली वीज १२० व्होल्ट, आपली २३०. पुष्कळशा यंत्रांत आतला ट्रान्सफॉर्मर एकाच व्होल्टेजसाठी गुंडाळलेला असतो, मग शेजारी वेगळा स्टेप-डाउन ठेवा, त्याची गुणगुण ऐका, आणि बिघडलं तर इथलं सर्व्हिस सेंटर हात लावणार नाही. त्याला बदाम आणायला सांगितले.

दुकानं पाहताना मजा आली. एका शोरूममध्ये काचेची खोली, सोफा, मंद दिवे. विक्रेता तरुण आणि गोड बोलणारा. त्याने आधी स्वस्तातला लावला, मग महागातला, आणि म्हणाला, "बघा सर, पडदाच दूर झाला ना?" झाला होता खरा. पण दुसऱ्या वेळी आवाजही किंचित मोठा होता. कानाचा हा स्वभावच आहे: थोडं मोठं तेच थोडं चांगलं वाटतं. अर्धा-एक डेसिबल वाढला तर तो मोठा म्हणून कळत नाही, "खुलला" म्हणून कळतो. दोन्हींचा आवाज मोजून सारखा करा म्हटल्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चहाच्या बशीचं वजन करायला सांगितलं होतं.

दुसऱ्या, लहान दुकानात वयस्क मालक होते. त्यांना कल्पना आवडली. आम्ही १०० हर्ट्झचा सूर लावून एकाच स्पीकरवर दोन अ‍ॅम्प्लिफायर दोन व्होल्टला जुळवले, फरक दोन शतांश व्होल्टच्या आत. म्हणजे डेसिबलचा दहावा भाग. सिलेक्टरचा खटका भाच्याच्या हातात, मी पाठ करून. ऐकायला घेतला नुसता तानपुरा.

तानपुरा का, तर तो बदलत नाही. गाणारा पुढच्या आवर्तनात वेगळं काही करतो, आणि आपण यंत्राची तुलना करायची सोडून त्याला दाद देत बसतो. तानपुरा मात्र तेच चार सूर पुन्हा पुन्हा देतो. शिवाय घोडीवर तारेखाली घातलेल्या जिव्हाळीमुळे जवारी खुलते आणि एका तारेतून वरच्या स्वरांची दाट झुंबड निघते. यंत्राने वरची बाजू झाकली किंवा टोचरी केली तर ते इथे कळायला हवं. आणि सूर विरतो तिथे मागची खरखर, गुणगुण उघडी पडते.

निकाल सांगतो. एक यंत्र पस्तीस हजारांचं, दुसरं लाखाच्या वरचं. कुठलं वाजतंय हे मला ओळखता आलं नाही, मालकांनाही आलं नाही, आणि भाच्याने जागा बदलून पाहिली तर त्यालाही आलं नाही. मालक हसून म्हणाले, "हे गिऱ्हाइकांना दाखवू नका." त्यानंतर त्यांनी तोच अ‍ॅम्प्लिफायर ठेवून स्पीकरची जोडी बदलली, तर बाहेर चहा घेऊन आलेल्या पोऱ्यालाही फरक कळला.

याचा अर्थ सगळे अ‍ॅम्प्लिफायर एकसारखे असा नाही. चार ओहमपर्यंत उतरणारे अवघड स्पीकर असले तर किरकोळ यंत्र धापा टाकतं. आणि एलपी ऐकणाऱ्यासाठी फोनो इनपुटमध्ये खरी निवड आहे. मूव्हिंग मॅग्नेट पिकअपमधून येतात जेमतेम पाच मिलिव्होल्ट. ते शंभरपट वाढवायचे. शिवाय तबकडी कापताना खर्ज दाबलेला आणि वरचा भाग उचललेला असतो, १९५०च्या दशकात ठरलेल्या आरआयएए वक्राप्रमाणे. तो बरोबर उलटा करायचा. इतक्या बारीक संदेशात शेजारच्या वायरीतली ५० हर्ट्झची भुणभुण सहज शिरते. दोन यंत्रांत मला स्पष्ट फरक ऐकू आला तो इथे: सुई न टेकवता फोनोवर व्हॉल्यूम चढवला, तर एक शांत आणि एक सापासारखा फुसफुसणारा. फुसफुसणारा अधिक महाग होता.

उरलेली निवड मग खटक्यांवर केली. रात्री हळू ऐकणाऱ्याला खर्ज उचलून देणारा लाउडनेसचा खटका हवा. आवाज कमी केला की कानाला खर्ज प्रमाणापेक्षा जास्त कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली हे मोजून दाखवलं. म्हणून हळू आवाजात बायां गायब होतो आणि नुसती चाट टिकटिकते. बॅलन्सचा खटका हवा, कारण माझा उजवा कान आता मागे राहतो. सगळे खटके काढून टाकलेली, अ‍ॅल्युमिनियमची नुसती फळी असावी तशी यंत्रं हल्ली "शुद्ध" म्हणून विकतात. ती तरुण कानांना लखलाभ. क्लास ए जातीचा अ‍ॅम्प्लिफायर आधीच बाद केला होता. गाणं असो वा नसो, तो पूर्ण वीज खातो आणि खोली तापवतो. पुण्याच्या मे महिन्यात हा शौक कुणी करावा?

घेतला तो यामाहाचा ए-एस ३०१. साठ वॅट, फोनो इनपुट, बॅलन्स, हेडफोन आणि हवा तेवढा फिरवता येणारा लाउडनेस. टीव्हीची ऑप्टिकल वायरही लागते, त्यामुळे घरातला विरोध मावळला. आईने पहिल्याच दिवशी त्यावर क्रोशाचा रुमाल घातला आणि वर फोटो ठेवला. वरच्या जाळीतून गरम हवा बाहेर पडते हे समजावून रुमाल काढला. दुसऱ्या दिवशी तो परत होता. आता फोटो शेजारी आहे आणि रुमाल फोटोखाली.

मोनोचं बटण मात्र यावर नाही, आणि ती उणीव मला बोचते. जुन्या एचएमव्हीच्या तबकड्यांवर ईएएलपी किंवा ईसीएलपी अशी अक्षरं असली तर रेकॉर्ड मोनो. ईएएसडी किंवा ईसीएसडी असली तर स्टिरिओ. मोनो तबकडी स्टिरिओ सुईने वाजवली की सुई वर-खाली हलते तोही आवाज येतो, आणि त्यात संगीत नसतं, फक्त धूळ आणि चरे असतात. डावं-उजवं एकत्र केलं की तो भाग एकमेकांत वजा होतो. बुधवार पेठेतून आरसीएची वाय आकाराची दोन जोडणं आणून टर्नटेबलच्या दोन्ही वायरी आधी एक केल्या आणि मग पुन्हा दोन. शे-दोनशेत काम झालं. खरखर बरीच उतरली.

शिल्लक पैशांतून नवी सुई आणली, खिडकीला जाड पडदा लावला आणि स्पीकर शोकेसच्या कप्प्यातून काढून स्टँडवर, भिंतीपासून दीड फूट पुढे आणले. माझ्या घरात आवाज बदलला तो मुख्यतः या तीन गोष्टींनी.

तुम्ही घ्यायला निघाला असाल तर खिशात मल्टिमीटर, मोबाइलमध्ये तानपुरा आणि एक ओळखीची एलपी घेऊन जा. दुकानदाराला दोन्ही यंत्रांचे व्होल्ट जुळवून द्यायला सांगा. नाही म्हणाला तर भांडू नका, पुढचं दुकान गाठा.