सुरुंग वेचणारी नौका

आम्ही सेमिनरीत शिकत असताना एका रविवारी सायंकाळी आम्हांला एक जुना फ्रेंच माहितीपट दाखविण्यात आला. समुद्रतळाचे ते वैभव पाहून आम्ही हरखून गेलो; परंतु त्यातील दोन दृश्ये मनात काट्यासारखी रुतून बसली. ती सांगण्यापूर्वी ज्या नौकेवरून तो माहितीपट चित्रित झाला, त्या ‘कॅलिप्सो’ची हकीकत वाचकांस सांगणे अगत्याचे आहे.

ही नौका युद्धासाठी जन्मास आली. अमेरिकेतील सिएटल येथे १९४२ साली तिचे जलावतरण झाले व पुढे ती ब्रिटिश नौदलात दाखल झाली. तेथे तिला नाव नव्हते; जे-८२६ हा क्रमांक तेवढा होता. शत्रूने पेरलेले पाणसुरुंग काढून इतर जहाजांना वाट मोकळी करून देणे, हे तिचे काम. काही सुरुंग पोलादी जहाजाच्या नुसत्या चुंबकत्वाने फुटत. म्हणून तिचा सांगाडा लाकडाचा होता. भूमध्य समुद्रातील माल्टा हा तिचा तळ. संत पौलाचे तारू ज्या किनाऱ्यावर फुटले, तेच हे बेट.

युद्ध संपल्यावर माल्टा आणि गोझो या बेटांदरम्यान ती उतारूंची ने-आण करू लागली. ‘कॅलिप्सो’ हे नाव तिला तेव्हाच मिळाले. होमरच्या महाकाव्यातील ही अप्सरा गोझो बेटावर राहत असे, अशी तेथील समजूत आहे. १९५० साली लोएल गिनेस या ब्रिटिश धनिकाने ती विकत घेतली आणि वर्षाला एक फ्रँक अशा नाममात्र भाड्याने फ्रेंच नौदल अधिकारी झाक कुस्तो यांच्या स्वाधीन केली. तिच्यावरून चित्रित झालेल्या ‘द सायलेंट वर्ल्ड’ या माहितीपटास १९५६ साली कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार लाभला.

आता ती दोन दृश्ये. पहिल्यात माशांची गणती करण्यासाठी प्रवाळाच्या खडकाजवळ डायनामाइट उडविले जाते आणि मेलेले मासे गोळा केले जातात. दुसऱ्यात नौकेच्या पंख्याने देवमाशाचे एक पिल्लू जबर जखमी होते. त्याच्या रक्तावर शार्क मासे धावून येतात, तेव्हा संतापलेले खलाशी त्यांना डेकवर ओढून ठार करतात. समुद्रातील स्फोटके वेचण्यासाठी जी बांधली गेली, तिच्यावरील माणसांनीच समुद्रात स्फोटक टाकले. आणि ते शत्रू नव्हते, समुद्रावर जीव लावणारेच होते!

परंतु कहाणी येथे संपत नाही. १९६० साली भूमध्य समुद्रात अणुकचरा टाकण्याचा बेत झाला, तेव्हा त्याविरुद्ध उभे राहणाऱ्यांत कुस्तो अग्रभागी होते. पुढे अंटार्क्टिका खंडावर खाणकाम होऊ नये म्हणून त्यांनी लोकमत जागविले. १९९१ च्या माद्रिद करारात तशी बंदी आली. हा बदल एका रात्रीत घडला नाही. त्याच नौकेवर, त्याच समुद्रात, वर्षानुवर्षे पाहत राहिल्याने तो घडला. पापनिवेदन ऐकताना आम्हांला हे वारंवार आठवते. माणूस एकदाच बदलतो व मग निश्चिंत होतो, असा अनुभव आम्हांला तरी नाही.

१९९६ साली सिंगापूरच्या बंदरात एका बार्जची धडक बसून कॅलिप्सो बुडाली. तिला वर काढण्यात आले. पण पुढल्याच वर्षी कुस्तो निवर्तले आणि तिची दुरुस्ती रखडत गेली. २०१७ साली तुर्कस्तानातील गोदीत तिला आगीचीही झळ बसली.

मध्यंतरी आमच्या धर्मग्रामातील युवकांना तो माहितीपट दाखविण्याचे ठरले. ती दोन दृश्ये गाळावीत, असे एका शिक्षकांनी सुचविले. आम्ही रात्रभर विचार केला आणि गाळली नाहीत. दिवे लागल्यावर एका मुलीने विचारले, “फादर, ह्यांना कोणी अडवले कसे नाही?” त्या प्रश्नावर सभागृहात तासभर चर्चा रंगली, आम्ही फक्त ऐकत होतो.