कमावलेलं

मृग लागायच्या आधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, वडील आपलं कोल्हापुरी पायताण निजवायचे. हा त्यांचाच शब्द. ओसरीवर जुनं वर्तमानपत्र पसरायचं, कोरड्या फडक्यानं धूळ पुसायची, वेणीच्या पेडांत बसलेली माती हलकेच काढायची आणि मग वाटीत कोमट केलेलं एरंडेल बोटांनी पाजायचं. लावायचं नाही, पाजायचं. आधी पट्टा, मग कान, मग अंगठा, शेवटी तळ. तेल वर क्षणभर चकाकायचं आणि आत उतरायचं. चामडं किंचित गडद व्हायचं. रात्रभर ते तसंच ठेवून सकाळी पुसायचं, सुती पिशवीत घालायचं आणि माळ्यावर. दसऱ्याला ते उठायचं.

प्लॅस्टिकच्या पिशवीत कधी नाही. चामड्याला श्वास लागतो, कोंडलं की बुरशी धरते. एकदा अवकाळी पावसात ते भिजलं तेव्हा मी धावत जाऊन चुलीजवळ ठेवलं होतं. वडिलांनी काही न बोलता ते उचललं आणि सावलीत, वाऱ्याला, कडेवर उभं करून ठेवलं. उन्हात किंवा आगीपाशी सुकलं की ते लाकूड होतं आणि वाकेल तिथं तडकतं. त्या दिवशी त्यांच्या तळपायांवर तपकिरी रंग उतरला होता. दोन दिवस गेला नाही.

तो रंग कशाचा, हे मला फार उशिरा कळलं. तो बाभळीचा आणि हिरड्याचा रंग होता.

हिरडा आमच्या घरात खोकल्यासाठी असायचा. आजी तुकडा दाढेखाली धरायला सांगायची आणि जीभ आवळून यायची, गालांच्या आतली कातडी खडबडीत व्हायची. ही तुरट चव म्हणजेच चामडं होण्याची सुरुवात. हिरड्यातलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं म्हणून तोंड सुकल्यासारखं वाटतं. तेच टॅनिन कातड्यातल्या तंतूंना धरतं आणि मग ते कुजत नाही. वाळलेल्या हिरड्यात जवळजवळ तिसरा हिस्सा टॅनिनच असतं. जिभेला जे क्षणभर होतं, ते म्हशीच्या कातड्याला महिनाभर होत राहतं.

मराठीत या कामाला कातडं कमावणं म्हणतात. जनावराच्या अंगावरून उतरतं ते कातडं, कमावलं की चामडं. आवाज कमावलेला असतो, तालमीतल्या पैलवानाचं अंग कमावलेलं असतं. पैसा कमावणं हा त्या शब्दाचा मला सर्वांत फिका अर्थ वाटतो. जे आयतं मिळालं आहे त्याला रोज हात लावून, वेळ देऊन, दुसरंच काही करायचं, तो खरा अर्थ.

कोल्हापूरजवळच्या एका गावात मी ते काम पाहिलं. आधी कातडं पाण्यात, मग चुन्याच्या हौदात. चुन्यानं केस सैल होतात, ते बोथट सुरीनं खरडायचे, उलट्या बाजूचं मांस काढायचं आणि चुना निघेपर्यंत धुवायचं. मग बाभळीच्या सालीचं पाणी. आणि त्यानंतर जे पाहिलं ते विसरता येत नाही. अख्खं कातडं पिशवीसारखं शिवलेलं, आडव्या वाशाला टांगलेलं, आत साल, कुटलेला हिरडा आणि पाणी. फुगलेल्या त्या पिशव्या ओळीनं लटकत होत्या आणि त्यांच्या अंगातून दाट लाल-तपकिरी थेंब पाझरत होते. खाली साठलेलं पाणी एक बाई भांड्यानं पुन्हा वर ओतत होती. पुन्हा पाझर, पुन्हा ओतणं. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगायची, म्हणजे मानेकडचा भागही तेवढाच प्यायला पाहिजे. वास उग्र होता, नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या वासाच्या तळाशी ओल्या सालीचा, जंगलाचा गंध होता आणि तोच मला ओळखीचा वाटला. वडिलांच्या पायताणाचा.

क्रोमियमच्या क्षारांनी हेच काम दिवसाभरात होतं. कातडं निळसर होऊन बाहेर येतं, मऊ, पाण्याला न घाबरणारं. जगातलं बहुतेक चामडं आज तसंच होतं. मी त्याला नावं ठेवणार नाही, बूट आणि पिशव्या सगळ्यांना हव्यात. पण ते चामडं जसं घेतलं तसंच बरेच दिवस राहतं. सालीत कमावलेलं उजेडानं, तेलानं, घामानं रंगत जातं. नवं असताना ते चावतं, फोड आणतं, रात्री तेल पाजून घरातल्या घरात चालावं लागतं. महिन्याभरात तळव्यात खळगे पडतात, तुमच्याच टाचेचे आणि बोटांचे, दुसऱ्या कुणाच्या पायाला न बसणारे.

ते कमावणाऱ्यांना आपण गावाबाहेर ठेवलं. ढोरांनी कातडं कमावायचं, चांभारांनी जोडे शिवायचे, आणि गावानं त्या जोड्यांवर चालत जाऊन त्यांचाच विटाळ मानायचा. मोट त्यांच्या हातची, विहिरीचं पाणी त्याच मोटेतून उपसायचं, आणि पाणवठ्यावर मात्र त्यांना मज्जाव. हे लिहिताना माझा हात जड होतो, कारण माझं घर गावाच्या आत होतं.

आईचे उपकार सांगताना आपण म्हणतो, माझ्या कातड्याचे जोडे करून घातले तरी फिटणार नाहीत. हे खरोखर करणारा एक माणूस परंपरा सांगते. 12व्या शतकातल्या कल्याणात, आजच्या बसवकल्याणात, हरळय्या नावाचा चर्मकार होता, संत बसवण्णांचा शरण, म्हणजे अनुयायी. बसवण्णांनी त्याच्या नमस्काराला दोनदा नमस्कार केला. तो अधिकचा नमस्कार फेडायचा म्हणून नवरा-बायकोनं आपल्या मांडीच्या कातड्याचे जोडे केले. बसवण्णांनी ते पायात घातले नाहीत, डोक्यावर घेतले. पुढे याच हरळय्याच्या मुलाचं लग्न ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीशी झालं आणि राजानं दोन्ही बापांना मृत्युदंड दिला. आपण म्हण तेवढी ठेवली.

कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं तसलीच पायताणं मांडली, आणि इथून ओरड झाल्यावर मूळ कुठलं ते मान्य केलं. मला त्या गदारोळात टांगलेल्या पिशव्या कुणाला आठवतील असं वाटत होतं. चर्चा झाली ती पट्ट्याच्या आकाराची. सालीत कमावणारे हात कमी होत चाललेत, 2015 च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर कातडंही पूर्वीसारखं हाताशी येत नाही.

गेल्या वर्षी वडिलांच्या पायताणाची वेणी तुटली. वडील आता घराबाहेर पडत नाहीत, तरी मृगाआधी तेल पाजायला लावतात. ते पायताण घेऊन मी कोल्हापुरात एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो. त्यांनी ते हातात घेतलं, वाकवलं, नाकाशी धरलं. मला वाटलं, शिवण बघून काही सांगतील. एक खिळा नाही, सगळं चामड्याच्या वादीनं शिवलेलं.

"तेल कुनी पाजलंय ह्याला?"

"वडलांनी. चाळीस वर्षं."

त्यांनी मान हलवली. अंगठ्यानं तळव्यातले खळगे चाचपले, टाचेपासून बोटांपर्यंत, जणू पाय आत आहे. मग बाजूच्या कुंडीतल्या पाण्यात नव्या चामड्याची पट्टी बुडवली, रापी मांडीवर ठेवली आणि हात पुसले.

"मऊ व्हायला येळ लागंल. घाई हाय व्हय?"

नाही म्हणालो. त्यांनी पोत्याचा तुकडा माझ्याकडे सरकवला. मी बसलो. कुंडीतलं पाणी हळूहळू तांबूस होत होतं.