भीती न लपवणारं संगीत

मला विमानाची भीती वाटते. म्हणूनच कोलोन-बॉन विमानतळावर परतीच्या विमानाची वाट पाहताना संगीतकार ब्रायन इनोचा ‘अँबियंट १ : म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ मुद्दाम लावला. १९७८ सालच्या या अल्बमची कल्पना इनोला याच विमानतळावर सुचली. इमारत पॉल श्नायडर-एसलेबेन यांची. त्यांचा मुलगा फ्लोरियान हा ‘क्राफ्टवर्क’ या इलेक्ट्रॉनिक बँडच्या दोन संस्थापकांपैकी एक. इलेक्ट्रॉनिक संगीतावर जीव असलेल्या माणसाला इथल्या काँक्रीटला हात लावून बघावासा वाटतो. मी लावला.

इतक्या देखण्या वास्तूत फुटकळ संगीत का वाजावं, हे इनोला खटकलं होतं. अशा ठिकाणचं गोडगोड संगीत सांगत राहतं की काही होणार नाही, आणि भित्र्या माणसाच्या मनात तिथेच पाल चुकचुकते. इनोला हवं होतं मरणाची शक्यता मान्य करून धीर देणारं संगीत.

अल्बममधल्या ‘१/१’ या पहिल्या रचनेत रॉबर्ट वायटचा पियानो आहे. पण मला धरून ठेवलं ते ‘२/१’ने. त्यात नुसते गळे, नुसता आकार. एकेका सुराची टेप टोकाला टोक जोडून फिरवलेली. एक सूर साधारण साडेतेवीस सेकंदांनी परततो, दुसरा जवळजवळ सव्वीस. त्यामुळे ते दरवेळी नव्या अंतराने भेटतात. तबल्यावर वाढलेला माझा कान समेची वाट बघत राहिला, सम येईना. हळूहळू शोधणं सुटलं, आणि गेटच्या पाटीकडे सारखं बघणंही. मधेच उद्घोषणा झाली तरी रसभंग होत नव्हता. माणसाच्या बोलण्याच्या पट्टीपासून आणि गतीपासून हे संगीत मुद्दाम दूर ठेवलेलं आहे.

१९७९मध्ये ‘रोलिंग स्टोन’च्या समीक्षकाला ते विस्कळीत वाटलं. १९८०मध्ये मात्र न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर, मरीन एअर टर्मिनलमध्ये, ते खरंच वाजलं. १९९८मध्ये ‘बँग ऑन अ कॅन’च्या वादकांनी टेपची ही करामत प्रत्यक्ष वाद्यांवर आणली, आणि २०१६मध्ये ‘पिचफोर्क’ या संगीतविषयक संकेतस्थळाने अँबियंट अल्बमांत त्याला पहिलं स्थान दिलं. आता ते झोप लागावी म्हणून ऐकलं जातं, याचं मला वाईट वाटतं. गळे आणि पियानो ‘१/२’मध्ये एकत्र आले तेव्हा विमान ढगांत हादरत होतं. मी टक्क जागा होतो, घाबरलेलाही होतो, आणि कानातले ते आवाज माझी भीती खोटी ठरवत नव्हते.