घरगाडीची पाणसळ



आमच्या घरगाडीबद्दल पुष्कळ जण विचारतात. दिमोनाच्या बाजारात भाजी घेताना सुद्धा, "काय सिस्टर, गाडीला पाय बसवले का?" असा प्रश्न येतो. प्रत्येकाला वेगवेगळे सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

मुलांनो, घरगाडी म्हणजे मोटारहोम. आत बिछाना, चूल, मोरी, फ्रिज, सगळे काही, आणि खाली चार चाके. पेन्शनीत निघाल्यावर आम्ही दोघांनी एक जुनी घरगाडी घेतली. आमचे हे सारा जन्म मोटार मेकॅनिक आणि मी वॉर्डातली नर्स. दोघांनाही स्वस्थ बसण्याची सवय नाही. तेव्हा मुलांना त्रास न देता देश पाहावा, एवढाच हेतू.

आता मुख्य गोष्ट. सुक्कोथच्या सुट्टीत आम्ही दोन नातवंडांना घेऊन मित्झपे रामोनला निघालो. थोरला अकरा वर्षांचा, धाकटी आठ. येरुहाम मागे टाकले, स्दे बोकेरला बेन गुरियन यांच्या समाधीपाशी थांबलो. तिथून खाली झिनच्या दरीचे पांढरे कडे दिसतात. आम्ही वर बघतो तो काय, डोंगरी बोकड रस्त्याच्या कडेने असे चालले होते की जणू म्युनिसिपालटीचे नोकर! तिथेच मुलांनी तासभर घालवला आणि पुढचा सगळा उशीर तिथून सुरू झाला.

मित्झपे रामोनला पोचल्यावर एकदम जमीनच संपते आणि समोर मख्तेश उघडतो. सुमारे ४० किलोमीटर लांब आणि ठिकठिकाणी ५०० मीटर खोल. नातू म्हणाला, "आजी, इथे उल्का पडली ना?" नाही बाळा. इथे आकाशातून काही पडलेले नाही. वरचा कठीण दगड झिजला, मग आतला मऊ वालुकाश्म लाखो वर्षे पाण्याने वाहून नेला, आणि हा खड्डा उरला. आतल्या दगडांत समुद्री शिंपल्यांच्या जातीचे, चक्रीसारखे अमोनाइट सापडतात, कारण फार पूर्वी इथे समुद्र होता. ४० नंबरचा रस्ता वळणे घेत घेत तळाला उतरतो. ह्यांनी गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये उतरवली. मी मात्र डोळे मिटून बसले होते, खोटे कशाला सांगू!

रात्री राहायच्या परवानगीच्या तळावर पोचलो तेव्हा सूर्य कड्याला टेकलेला. शुक्रवार होता. सपाट जागा सगळ्या गेलेल्या, उरलेली एक उताराची. ह्यांनी घाईघाईने एका चाकाखाली प्लास्टिकची पाचर सरकवली, गुडघा धरून उठले आणि म्हणाले, "चालेल."

मी शब्बाथचा दिवा लावला. आपल्या कोकणातल्या पद्धतीचा, काचेच्या ग्लासात खाली पाणी, वर तेल. दिवा लावून डोळ्यांवरचे हात काढले आणि पाहते तो ग्लास वाकडा आणि तेल सरळ! माणूस "चालेल" म्हणतो, पण ग्लासातले तेल खोटे बोलत नाही. आता दिवा लागला, शब्बाथ सुरू झाला. गाडी शनिवारी रात्रीपर्यंत हलणार नव्हती. आपले पूर्वज कुलाबा जिल्ह्यात घाण्याचे बैल शनिवारी सोडून देत, म्हणून तर त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांच्या नातीने इंजिन कसे चालू करावे?

धाकटीने खिशातली गोटी जमिनीवर ठेवली. ती दारापासून निघाली आणि थेट मोरीच्या कोपऱ्यात जाऊन आपटली. मुलांना भारी मजा वाटली. रात्री मात्र मजा गेली. डोके खालच्या बाजूला आले, म्हणून मी उशा उलट्या बाजूला नेल्या. वॉर्डात आम्ही पेशंटचे डोके उंच ठेवत असू, पाय नव्हे. तरी आडवा उतार राहिलाच. हे रात्रभर माझ्या अंगावर घरंगळत होते.

पण खरी अडचण सकाळी कळली. दूध कोमट. फ्रिजमधल्या थर्मामीटरवर १३ अंश. आणि त्याच फ्रिजमध्ये ह्यांचे इन्सुलिन.

घरगाडीतला जुना फ्रिज आपल्या घरच्या फ्रिजसारखा नसतो. त्यात मोटार नाही, पंप नाही. गॅसच्या ज्योतीने अमोनिया आणि पाणी तापते, आणि ते द्रव पुन्हा आपल्या जागी येते ते फक्त उताराने, स्वतःच्या वजनाने. गाडी चालू असताना हेलकाव्याने ते फिरत राहते. पण वाकडी उभी केली की द्रव नळीत अडकते, थंडी तयार होत नाही, आणि असे वारंवार झाले तर नळी कायमची चोंदते. आमच्या फ्रिजच्या पुस्तकात आडव्या उताराची मर्यादा ३ अंश लिहिली आहे. दोन चाकांमध्ये १.८ मीटर अंतर असेल तर ३ अंश म्हणजे साधारण साडेनऊ सेंटीमीटर, तुमची वीत सुद्धा भरणार नाही. आमचा उतार त्याहून जास्त होता.

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. वापरात असलेले पेन काही आठवडे साध्या हवेत चालते, पण वाळवंटातल्या दुपारी बंद गाडी म्हणजे साधी हवा नव्हे. शेजारच्या तंबूत एक तरुण जोडपे होते, त्यांच्याकडे बर्फाची पेटी होती. मी नवी पेने टॉवेलात गुंडाळून त्यांच्या पेटीत ठेवली. बर्फाला टेकू दिली नाहीत, कारण गोठलेले इन्सुलिन फुकट जाते. जिवाचा प्रश्न असता तर मीच किल्ली फिरवली असती. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडता येतो, हे आपल्यात लहान मुलालाही ठाऊक आहे. ती वेळ आली नाही. तारे दिसल्यावर गाडी सरळ केली, फ्रिज काही तास बंद ठेवून पुन्हा लावला आणि तो सुधारला.

घरी आल्यावर मुलाने हट्टच धरला, "आई, गाडीला लेव्हलिंग सिस्टीम बसवून घ्या." म्हणजे गाडीखाली चार लोखंडी पाय, तेलाच्या दाबावर चालणारे. बटण दाबले की पाय जमिनीवर टेकतात आणि गाडी आपोआप सपाट होते. वाकायला नको, पाचरी नकोत. आमचे हे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, गुडघा गेलेला. मला तर हे फार पसंत पडले. हे मात्र रुसले. "मला अजून वाकता येते," म्हणाले. नवऱ्याच्या असल्या बोलण्याला उत्तर नसते, हे वाचक भगिनींना माहीत आहेच.

गॅरेजवाल्याने सांगितलेली किंमत आमच्या चार महिन्यांच्या पेन्शनएवढी होती. तीही दिली असती. पण ह्यांनी विचारले, "याचे वजन किती?" तो म्हणाला, "ऐंशी किलोच्या आसपास." तेव्हा ह्यांनी गाडी थेट वजनकाट्यावर नेली.

मुलांनो, हे गणित तुम्ही करा. गाडीची मर्यादा ३५०० किलो. आम्ही दोघे, डिझेल, गॅस आणि टाकीतले १०० लिटर पाणी धरून काटा ३४१० वर थांबला. उरले ९०. नातू ३६ किलो, नात २८. दोघांना बसवले की उरतात २६. मग ८० किलोचे पाय कुठे बसवायचे? म्हणजे यंत्र घ्यायचे तर नातवंडे घरी ठेवायची! पाणी कमी भरावे म्हणाल, तर नेगेवमध्ये पाणी कमी करणारा शहाणा नव्हे. जादा वजनाने ब्रेक उशिरा लागतो आणि टायर तापून फुटतात. ज्यांची गाडी मोठ्या वजनाला पास झालेली आहे, किंवा घरात व्हीलचेअर आहे, त्यांनी हे पाय जरूर बसवावेत. अशा घराला ते पैसे वसूल आहेत. मऊ वाळूत पायांखाली फळ्या मात्र घालाव्याच लागतात.

आमच्या घरात मग बैठक बसली. मी म्हटले, "पाय नकोत, पण तुमचे 'चालेल' सुद्धा नको." शेवटी ठरले ते असे. जुना फ्रिज काढून कॉम्प्रेसरचा बसवला. तो थोड्याफार उताराला दाद देत नाही. विजेसाठी छपरावर सोलर पॅनल लावले. शुक्रवारी सूर्यास्ताच्या तीन तास आधी मुक्कामाला पोचायचेच, बोकड दिसोत नाहीतर हत्ती. आणि पाचरी लावण्याचे काम नातवाकडे. गाडी पूर्ण उभी आहे आणि हँडब्रेक ओढला आहे असे आजोबा सांगतील तेव्हाच त्याने पाचर ठेवायची आणि बाजूला व्हायचे. आधी आडवी पातळी, मग लांबीची. सगळे झाले की चाकांना अडण्या.

हे शेवटचे कलम ह्यांना मान्य करायला आठ दिवस लागले. चाळीस वर्षे ज्या माणसाने दुसऱ्यांच्या गाड्यांखाली पाठ टेकली, त्याने आता उभे राहून नुसते "थोडी पुढे, बस!" म्हणायचे. मला दिसत होते. मी काही बोलले नाही.

परवा येरुहामच्या तळ्यावर गेलो होतो. लहानपणी पेणला गवंड्याच्या हातात लाकडी पट्टी असे, तिच्यात काचेची नळी आणि नळीत बुडबुडा. तशीच छोटी मी आणून ठेवली आहे. नातवाने विचारले, "आजी, याला मराठीत काय म्हणतात?" मी सांगितले, "पाणसळ." शब्द माझ्या तोंडात १९७३ नंतर बहुधा पहिल्यांदाच आला असेल. नातवाने पाचरी लावल्या, आजोबांनी गाडी चढवली, बुडबुडा मधोमध आला. ह्यांनी पाहिले, पुन्हा पाहिले आणि नातवाला म्हणाले, "माझ्यापेक्षा बरे जमले तुला."

धाकटीने गोटी जमिनीवर ठेवली. ती जागची हलली नाही.